कडेचं खरं धरायचं नाही

माझ्या आईच्या नोकरीची सगळी वर्षं एका गोल काचेपुढे गेली. नवी मुंबईत, महाप्याच्या एका कारखान्यात ती चेकिंगला होती. कसल्या कसल्या यंत्रांच्या पोटातल्या हिरव्या पट्ट्या तिच्यापुढे यायच्या, त्यांना सगळे बोर्ड म्हणत. बोर्डावर जागोजागी डाग दिलेले असायचे, म्हणजे कथलाचे बारीक थेंब टाकून तारा जोडलेल्या असायच्या. एखादा थेंब कच्चा राहिला किंवा ओघळून शेजारच्याला चिकटला, तर यंत्र बिघडणार. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून टेबलाला एक वाकणारा दांडा, दांड्याला बशीएवढी भिंगाची काच आणि काचेभोवती गोल ट्यूबलाइट. त्या काचेतून बोर्ड तपासायचा आणि खोट सापडली की तिथे तांबडा कागदी बाण चिकटवायचा, हे आईचं काम.

ते बाण आईच्या पदराला चिकटून घरीही यायचे. माझ्या शाळेच्या फ्रॉकची शिवण उसवलेली दिसली की ती आधी तिथे बाण लावायची आणि सुईदोरा मिळेल तेव्हा टाके घालायची. एकदा मी बाण तसाच ठेवून शाळेत गेले आणि दिवसभर पोरींचं हसू झेललं. घरी येऊन मी दप्तर आपटलं. आई शांतपणे म्हणाली, "बाण न्हाई लावला तर मला तरी कसं ध्यानात ऱ्हाईल?" माझ्या वागण्यावर मात्र तिने कधी बाण लावला नाही, नाहीतर मी नखशिखांत तांबडी झाले असते.

मी आईची एकुलती एक, असं लोक समजतात. खरं तर मी दुसरी. आईवडील मराठवाड्यातलं गाव सोडून तुर्भ्याच्या वस्तीत आले, तेव्हा त्यांच्या कडेवर एक मुलगा होता. तो नुकता तोडकंमोडकं बोलायला लागला होता. तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मी त्यानंतर जन्मले. त्याचा एकच फोटो आहे. जयंतीच्या दिवशी वस्तीतल्या सगळ्यांना एकत्र उभं करून कुणीतरी काढलेला. सगळ्यांनी पांढरे कपडे घातलेत, पुढे बायका बसल्यात आणि अगदी मागच्या रांगेत माझे बाबा उभे आहेत. त्यांच्या खांद्यावर तो. त्याचा चेहरा मसुराच्या डाळीएवढा.

हा फोटो आई कपाटात, साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची. नोकरी लागल्यावर एकदा ती तो डब्याच्या पिशवीतून कारखान्यात घेऊन गेली आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या काचेखाली धरला. घरी येऊन तिने बाबांना सांगितलं, "तो हसतोय." बाबांनी फोटो परत पिशवीत घालून साड्यांखाली ठेवला. पुढे दर वर्षी, तो गेला त्या दिवशी, ती फोटो कारखान्यात न्यायची. नोकरी संपल्यावर तिने हातात धरायचं एक भिंग आणलं. मग दर वर्षी त्याच्या दिवशी सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची आणि मग खिडकीपाशी बसून भिंगातून त्याला बघायचं. मला ती बोलवायची नाही, मीही जायची नाही. न बघितलेल्या भावाबद्दल काय वाटून घ्यावं ते मला कधी समजलं नाही. खोटं कशाला बोलू, लहानपणी मला त्याचा हेवाच वाटायचा. त्याने कधी दप्तर आपटलेलं नव्हतं.

आता आम्ही दोघीच असतो, खांदेश्वरला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे भिंग हा माझ्या पोटापाण्याचा विषय. दर वर्षी फळ्यावर तीच आकृती काढते. मधे जाड आणि कडेला पातळ अशी काच. तिच्यात शिरताना प्रकाश वळतो, बाहेर पडताना पुन्हा वळतो आणि मधल्या रेषेकडे झुकतो. गंमत अशी की डोळ्याला हे वळण कळत नाही. किरण आला तो सरळच आला, असं धरून डोळा चालतो. ज्या दिशेने किरण डोळ्यात शिरला त्याच दिशेने डोळा सरळ मागे जातो. वस्तूच्याही मागे, लांब, त्या रेषा एकमेकींना मिळतात आणि तिथे मोठीच्या मोठी वस्तू दिसते. प्रत्यक्षात तिथे काहीही नसतं. मुलांना हे पटत नाही. पाठीमागच्या बाकावरून हमखास विचारतात, "टीचर, मग आपण बघतो ते काय?" मी म्हणते, परीक्षेत 'आभासी प्रतिमा' असं लिहा, गुण मिळतील.

आईचा एक डोळा आधी गेला. ते आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही, कारण दुसरा सगळं सांभाळून घेत होता. मग दुसऱ्यातही बिघाड सुरू झाला. आधी दाराची चौकट मधे वाकलेली दिसू लागली. मग ती म्हणाली, "माणसं येतात, साडी दिसती, हात दिसतात, तोंडाच्या जागी नुसता धूर." टीव्हीवरची माणसं ती आवाजावरून ओळखायची. सोसायटीच्या जिन्यात कुणी हसलं तर हिला कळायचं नाही, आणि बायका म्हणायला लागल्या, म्हातारीला गर्व चढला.

नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याची पुढची काच ठीक आहे, मोतीबिंदूच्या वेळी ती बदललेली आहे. झिजलाय तो मागचा पडदा आणि तोही नेमका मध्यभागी. आपण ज्याच्याकडे रोखून बघतो, त्याचं चित्र बरोबर त्या मधल्या ठिपक्यावर पडतं. कडेचा पडदा शाबूत आहे आणि तो शाबूतच राहील. आईने विचारलं, "पडद्याला ठिगळ न्हाई का लावता येत?" डॉक्टर म्हणाले, नाही आजी. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय काय दिसायला हवंय? पेपर? मोबाइल? शिवण? आईने पिशवीतून तो फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. "मला हा पोरगा बघायचाय," ती म्हणाली. "त्याचा दिवस येतोय. बाकीचं दिसलं न्हाई तरी चालंल."

मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि मला परक्यांसमोर रडायला आवडत नाही.

डॉक्टरांनी आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. कमी दिसणाऱ्यांना उरलेल्या नजरेचा वापर शिकवणारी एक तरुण मुलगी तिथे होती. तिने आईपुढे एक काच ठेवली, कागदावर टेकवून ठेवायची, आत दिवा असलेली, आईच्या कारखान्यातल्या काचेपेक्षा कितीतरी जोरकस. तिने सांगितलं, आजी, ही काच चित्र इतकं मोठं करेल की ते मधल्या खराब जागेच्या बाहेर, चांगल्या पडद्यावरही पसरेल. पण काचेच्या अगदी जवळ डोळा न्यायचा, आणि मुख्य म्हणजे जे बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही.

"मग कुठं बघू?" आई म्हणाली.

"बाजूला. माझ्या नाकाकडे नको, माझ्या उजव्या कानाच्या वर बघा. मग माझं नाक दिसेल."

आई माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या आवाजाकडे. "ही काय म्हणती गं?"

त्या मुलीने एका कागदावर घड्याळ काढलं, मधोमध एक चांदणी. आईने बाराकडे बघायचं, मग एककडे, मग दोनकडे, आणि कुठे बघितल्यावर मधली चांदणी स्पष्ट होते ते सांगायचं. दोनकडे बघितल्यावर आई थांबली. "आली," ती म्हणाली. आणि लगेच, सवयीने, तिची नजर चांदणीवर सरकली. चांदणी गेली. पुन्हा दोन. पुन्हा आली, पुन्हा आईने तिच्याकडे बघितलं, पुन्हा गेली. मग तिने कागद बाजूला सारला. "हे काय खरं न्हाई," ती म्हणाली.

ती दिव्याची काच विकत घेऊन घरी येताना रिक्षात तिने मला कारण सांगितलं. नोकरी नवी होती तेव्हा तिने कितीतरी चांगले बोर्ड नापास केले होते. डाग तिरके दिसत होते, एकमेकांना चिकटल्यासारखे वाटत होते, हिने धडाधड बाण लावले. सुपरवायझर बाई आल्या, त्यांनी तोच बोर्ड सरकवून काचेच्या मधोमध आणला आणि डाग सरळ झाले. तेव्हापासून तिथल्या सगळ्या बायकांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. काचेच्या कडेला दिसेल ते खरं धरायचं नाही. शंका आली की मधोमध आणायचं आणि मगच बोलायचं. पुढे आईने स्वतः कितीतरी मुलींना हे शिकवलं होतं.

बाईंचं बरोबरच होतं. काचेच्या कडेला प्रकाश जरुरीपेक्षा जास्त वळतो, सरळ रेघ वाकडी होते, तिला रंगाची किनार येते. मी हे शिकवते. पण मी आईला सांगितलं की ही काचेची कड नव्हे, डोळ्याची कड आहे, दोन्ही वेगळ्या. तिला फळ्यासारखं वहीच्या पानावर काढून दाखवायला निघाले आणि मधेच लक्षात आलं की हे पान तिला दिसणार नाही. "कड ती कड," आई म्हणाली. "आता म्हातारपणी मला खोटं बघायला शिकवू नकोस."

मी चिडले. मी फार पटकन चिडते. रोज शाळेतून आले की मी तिला चांदणीचा कागद घेऊन बसवायची आणि रोज ती शंका आली की वस्तू मधोमध आणायची, नेमकी त्या धुरात. तिचे हातही तसेच वळलेले. काच जागेवर ठेवायची आणि फोटो सरकवत सरकवत मध्यावर आणायचा. मी म्हणायची, आई, दोनकडे बघ. ती म्हणायची, बघते की. आणि चेहरा मधोमध आणून बसायची. तिला तिथे काहीच दिसत नव्हतं आणि तिथून हलायची तिची तयारी नव्हती. त्याचा दिवस जवळ येत चालला होता. एकदा मी रागाने म्हणाले, "तुझ्या त्या कारखान्याने तुझं वाटोळं केलं." ती म्हणाली, "त्या कारखान्यानंच तुला मास्तरीण केलं."

आम्हाला गावाहून ज्वारी येते. निवडायचं काम कायम आईचं. डोळे गेल्यावरही तिने ते सोडलं नव्हतं, सोडायला सांगायची माझीही छाती झाली नव्हती. भाकरी दाताखाली कचकच करायची. मी मुकाट्याने गिळायची, तीही गिळायची, आणि दोघी भाजीबद्दल बोलायचो. एका रविवारी मी कपडे वाळत घालत होते आणि आई ताटात ज्वारी घेऊन बसली होती. समोरच्या सोसायटीत कुणाचं तरी भांडण चाललं होतं, म्हणून ती मान वळवून खिडकीकडे बघत होती. हात ताटात फिरत होता. एकदम ती म्हणाली, "खडा."

"कुठे?"

खिडकीकडचं तोंड तसंच ठेवून तिने बोट ताटात नेलं, काहीतरी चिमटीत धरलं आणि दाताखाली घेऊन बघितलं. खडा होता. तिने तो बाजूला ठेवला. पुन्हा खिडकीकडे बघितलं, पुन्हा ताटातल्या एका काळ्या ठिपक्याला बोट लावलं. पुन्हा खडा. मी ओले कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिले. बोलले असते तर सगळं बिघडलं असतं, आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून टॉवेलचं टोक दातात धरलं.

दुपार होईपर्यंत ती कडेने बघत होती आणि बोटाने तपासत होती. एकदा बोटाला ज्वारीचा किडका दाणा लागला, तर ती म्हणाली, "हे बघ, चुकलं." पण मग स्वतःच म्हणाली, "किडकाच आहे. चूक न्हाई." चेकिंगच्या बाईचं मन असंच वळतं, समजावून वळत नाही. काही दिवसांत भाकरीतली कचकच गेली. मग तिने तीच युक्ती इतरत्र लावून बघितली. दाराची कडी, गॅसचं बटण, पाण्याची पातळी. प्रत्येक वेळी आधी बाजूला बघायचं आणि मग हात लावून खात्री करायची. एका संध्याकाळी मी चहा घेऊन आले तर ती माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे टक लावून बघत बसली. मला वाटलं, पाल आली असेल. तिने हात पुढे केला आणि माझ्या कानशिलावरून फिरवला. "केस केवढे पिकलेत तुझे," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं न्हाई." मी म्हणाले, डाय संपलाय.

त्याचा दिवस आला तेव्हा मी शाळेत सुट्टी टाकली. आईने मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. मग मला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला त्या फोटोपाशी बसवून घेतलं. मी फोटो टेबलावर सपाट ठेवला, त्यावर दिव्याची काच टेकवली, आणि मागची रांग काचेखाली येईल असं सरकवून दिलं. आईने डोळा काचेला लावला आणि नजर दोनकडे नेली. तिने मान जराही हलवली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि तिचा श्वास मला कळत होता.

"तुझ्या बापाची टोपी," ती म्हणाली. "नवी होती. पोरानं दोन्ही कान धरलेत बापाचे. हे मला कधी दिसलं नव्हतं."

मला इतका आनंद झाला की मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार होते. पण तिने काच केसभर वर सरकवली, थांबली, परत सरकवली.

"ह्यात डोळे न्हाईत," ती म्हणाली.

मी म्हणाले, तू नजर मधे आणतेयस, दोनकडे ने. "दोनकडंच आहे," ती म्हणाली. "कान दिसतात, बोटं दिसतात. तोंडाच्या जागी नुसतं करडं आहे. हसतोय कुठं? तू बघ."

मी वाकून बघितलं. माझे डोळे धड आहेत. बाबांच्या कानांवर दोन चिमुकले हात होते आणि वर, चेहरा असायला हवा तिथे, करड्या रंगाचे दाणे होते. काही जरा गडद, काही फिके. डोळे नव्हते, ओठ नव्हते. एवढ्या लांबून काढलेल्या, एवढ्याशा कागदावर ते कधी उमटलेच नव्हते. काच आहे तेवढंच पसरवून दाखवते, हे मी किती वर्षं शिकवत आलेय. मी काच परत तिच्याकडे दिली आणि काहीच समजावून सांगितलं नाही.

"न्हाईत ना?" आईने विचारलं.

"नाहीत गं."

"मग मी इतकी वर्षं कुणाचे बघत होते?" हे तिने मला विचारलं नव्हतं, ती मनाशी शोधत होती. तिने हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले. मग हळूहळू म्हणाली, "तुझेच असतील. तू झालीस, त्याच्याएवढी झालीस, तेव्हा मला वाटलं, असाच होता तो. तेव्हापासून तुझेच लावून बघत असंन." थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्याचे कसे होते गं?"

हे सांगू शकणारं माणूस एकच होतं आणि ते बाबा होते. मी तिचा हात धरला. मला त्याच्यासाठी रडू आलं, हेही पहिल्यांदाच.

आईने तोंड फिरवून माझ्या कानाच्या वर नजर लावली आणि माझ्याकडे बघत राहिली. "जरा डोळे मीट तुझे," ती म्हणाली.

मी मिटले. मेणबत्तीचा वास येत होता, खाली कुणाची तरी गाडी सुरू झाली आणि गेली. आईची बोटं माझ्या कपाळावरून, भुवयांवरून, मिटल्या पापण्यांवरून फिरत होती.

"उघड," ती म्हणाली. "त्याचे न्हाई आठवत."